गोळी फुकट मिळते, निर्णय मात्र एकट्यालाच घ्यावा लागतो

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



मी निफाड तालुक्यातल्या सायखेड्याचा द्राक्ष बागायतदार. गोदावरीच्या या काठाला आमचं गाव आणि त्या काठाला चांदोरी. पत्राखाली नाव घालत नाही, कारण मुलीचं लग्न ठरायचं आहे आणि मला हिपॅटायटिस बी आहे. एवढ्या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की आमच्या भागात स्थळं परत फिरतात. नाव झाकून पत्र लिहावं लागतं, हीच माझी पहिली तक्रार समजा.

२०१४ च्या शिवजयंतीला गावात रक्तदान शिबिर होतं. तोपर्यंत मी कधी रक्त दिलं नव्हतं. वय चाळीस, अंगात काही दुखणं नाही, त्या दिवशी सकाळीच बागेला पाणी देऊन आलो होतो. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "तुमच्या रक्तात थोडा दोष निघालाय, येऊन भेटा." भेटलो तेव्हा हातात एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. त्यापुढे काय करायचं, कुणाला दाखवायचं, घरच्यांचं काय, याविषयी एक शब्द नव्हता. चांदोरीपर्यंत एसटीत बसून आलो आणि पुलावरून चालत घरी आलो. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला माझ्यापासून काही होईल का, हा विचार वाटभर डोक्यात होता.

होत नाही. हे मला कळायला सहा महिने लागले, म्हणून इथे ठामपणे लिहितो. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा विषाणू जात नाही. तो जातो रक्तातून: एकच सुई दोघांना टोचली तर, वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. गढूळ पाण्याने होणारी कावीळ निराळी, ती ए आणि ई या विषाणूंची. २०१२ साली इचलकरंजीत आलेली साथ पाण्यातून आलेल्या ई विषाणूची होती. गावाकडे मात्र सगळ्याला एकच शब्द, कावीळ. आणि कावीळ म्हटली की उतरवणारा शोधायचा.

माझा थोरला भाऊ २०११ मध्ये गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला मुळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. गळ्यात काविळीची माळ घातली. हळद, तेल, मीठ सगळं बंद केलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पाणी उतरे आणि आम्ही म्हणायचो, कावीळ उतरतेय. पुढे पोट फुगलं, पायांवर सूज आली. शेवटी सोनोग्राफी केली तर यकृतात लिंबाएवढी गाठ. त्या दवाखान्यात त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली होती, कागद आजही माझ्याकडे आहे. पण "घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या," असं आम्हाला कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर मला तीन वर्षं आधी कळलं असतं. माझ्यानंतर आईची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे आम्हा दोघा भावांना तो जन्मतानाच मिळाला असणार. आईला हे कसं सांगायचं, याचा निर्णय आम्ही बहीणभावंडांनी मिळून घेतला. तिला सांगितलंच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला औषध हवं होतं आणि औषध घ्यावं की नाही हे मला कुणी सांगत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "काही करायचं नाही, वर्षाने या." दुसऱ्यांनी त्याच रिपोर्टवर सांगितलं, "आजपासून गोळी सुरू करा, पण एकदा धरली की जन्मभर." तिसरा एक वैद्य तीन महिन्यांत निगेटिव्ह करून देतो म्हणाला आणि आगाऊ पैसे मागितले. बागेत डाऊनी रोग दिसला तर कोणतं औषध किती लिटरला मारायचं, हे सांगायला आमच्याकडे दहा माणसं आहेत. कृषी सेवा केंद्रवाला सांगतो, सल्लागार बांधावर येतो, शेजारी सांगतो. माझ्या यकृताबद्दल तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि घरी जाऊन त्यातली एक निवडायची होती मी, बारावी झालेल्या माणसाने.

आज कळतं की पहिले डॉक्टर चुकले नव्हते. या आजाराचा विषाणू लव्हाळ्यासारखा आहे. वरचं पातं कितीही खुरपा, जमिनीत गाठ राहतेच. विषाणूचं मूळ यकृताच्या पेशीच्या गाभ्यात दडून बसतं. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही गोळी त्याला नव्या प्रती काढू देत नाही, पण गाठ उपटत नाही. म्हणून बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. आणि ज्याच्या अंगात विषाणू शांत आहे, यकृताला सूज नाही, त्याला लगेच गोळी लागतेच असं नाही. त्याला लागते ती नजर, म्हणजे ठरलेल्या वेळी तपासणी. हिपॅटायटिस सी चं तसं नाही. त्याचं मूळच निघतं, बहुतेकांचा आजार बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा बरा होतो. त्याच सी च्या सोफोसबुविर गोळीचा पूर्ण कोर्स अमेरिकेत सुरुवातीला ८४ हजार डॉलरला होता. २०१५ पासून आपल्याच देशातल्या कंपन्यांनी ती त्या किमतीच्या अगदी लहानशा हिश्शात बनवून दाखवली. बी आणि सी हे दोन सख्खे शेजारी वाटतात, पण दोघांचं गणित वेगळं, हे रुग्णाला कुणीतरी बसून सांगायला हवं.

माझे तेव्हाचे आकडे सांगतो. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी ३८. लॅबच्या कागदावर ४५ पर्यंत नॉर्मल छापलेलं, म्हणून त्यावर खूण नव्हती. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ६४००. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जे निकष दिले, त्यात यकृत आकसलेलं नसेल तर व्हायरल लोडची मर्यादा २० हजार होती. मी त्याच्या खाली होतो, म्हणून थांबलो. २०१८ मध्ये फायब्रोस्कॅन केला तर ९.४ आला, म्हणजे यकृतात व्रण धरू लागले होते. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, छाटणीच्या धावपळीत, पहिली गोळी घेतली.

मार्च २०२४ मध्ये त्याच संघटनेने निकष बरेच सैल केले. व्हायरल लोड २ हजारांच्या वर आणि एसजीपीटी वाढलेला, म्हणजे पुरुषाचा ३० च्या वर आणि बाईचा १९ च्या वर असेल, तर औषध द्या. घरात यकृताचा कर्करोग झालेला असेल तर त्याही कारणाने औषधाचा विचार करा. या नव्या पट्टीने मोजलं तर मी २०१४ मध्येच औषधाला पात्र होतो, एकदा नव्हे दोनदा: एकदा आकड्यांमुळे, एकदा भावामुळे. यात मी कुणाला दोष देत नाही, विज्ञान पुढे जातं. पण आज माझ्यासारखे जे कुणी "वर्षाने या" असं ऐकून घरी बसले आहेत, त्यांना परत बोलवायचं कुणी? त्यातल्या निम्म्यांना आपण रुग्ण आहोत याचाही विसर पडला असेल. दुखत तर काही नसतंच.

माझी पहिली मागणी हीच. राज्यातल्या प्रत्येक उपचार केंद्राच्या भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा की औषध कधी सुरू करतात, कधी थांबून पाहतात आणि थांबलेल्याने किती महिन्यांनी यायचं. आज कोणता निकष लागू आहे, तेही तिथेच लिहा. ज्यांची नावं रजिस्टरमध्ये आहेत, त्यांना फोन करून बोलवा. रक्तपेढ्यांनी ज्यांना ज्यांना चिठ्ठ्या दिल्या, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्राने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषध मोफत आहे. मी २०२१ पासून सरकारी केंद्रातूनच गोळी आणतो आणि आजवर त्यासाठी मला एक रुपयाही पडलेला नाही. हे फार मोठं काम आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण मी औषध सुरू केलं तेव्हा हा कार्यक्रम सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी गोळी विकत घेत होतो. दुकानदाराने डबीवरचं नाव वाचून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग डबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. टेनोफोविर एचआयव्हीच्या रुग्णांनाही देतात, हे मला त्याच्या त्या नजरेने शिकवलं. पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्या गावातून औषध आणू लागलो.

आता ४ ऑगस्ट २०१९ चा रविवार आठवा. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीला महापूर, सायखेडा आणि चांदोरी दोन्ही गावं पाण्यात, पूल बंद. पेठेतल्या आमच्या जुन्या घरात छातीएवढं पाणी होतं. आई आणि जनावरं आधी बाहेर काढली. गोळ्यांची डबी खालच्या फडताळात राहिली. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर फडताळ उघडलं तर डबीत गाळ आणि गाळात विरघळलेल्या गोळ्यांचा पांढरा लगदा. नवी डबी हाती यायला आणखी दोन दिवस गेले. चार दिवस औषध नाही. हा आजार अंगात असताना औषध अचानक बंद केलं तर विषाणू उसळून येतो, कधी यकृत निकामी होऊन माणूस दगावतोही, एवढं मला माहीत होतं. चार दिवसांचा खंड म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे माहीत नव्हतं. घरातला चिखल उपसत होतो आणि दर तासाला आरशात डोळे पाहत होतो. एक फोन करून विचारायला कुणी असतं तर ते चार दिवस तसे गेले नसते.

त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्येही पूल पाण्याखाली होता. गोदाकाठाला हे नवीन नाही. म्हणून दुसरी मागणी अशी की स्थिर झालेल्या रुग्णाला एकावेळी तीन महिन्यांच्या गोळ्या द्या आणि त्या निफाडला मिळू द्या. आज मी नाशिकला जातो. सकाळी घर सोडायचं, केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधाची रांग. रक्त द्यायचं असेल तर आणखी एक. दिवस बुडतो. छाटणी, पेस्ट, थिनिंग, डिपिंग यातली कामं एकेक दिवसाने हुकत नाहीत, ती पूर्णच हुकतात. माझं निभतं कारण मुलगा बाग पाहतो. रोजंदारीवर बागेत येणाऱ्या बाईला दर महिन्याला एक दिवस आणि एसटीचं भाडं परवडत नाही. मग ती एक महिना चुकवते, मग दोन.

आणि चुकवण्यामागे दर वेळी गरिबीच असते असं नाही. रांगेत ओळख झालेला एक जण होता, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्याच्या रिपोर्टवर एकदा इंग्रजीत आलं, टार्गेट नॉट डिटेक्टेड. त्याने कुणाला तरी अर्थ विचारला, उत्तर मिळालं, "विषाणू सापडला नाही." तो पेढे घेऊन घरी गेला आणि गोळी थांबवली. खरा अर्थ असा होता की औषध चांगलं काम करतंय, चालू ठेवा. पाच महिन्यांनी तो पिवळाजर्द होऊन भरती झाला. वाचला, पण आता त्याचं यकृत आकसलेलं आहे आणि दर सहा महिन्यांनी कर्करोगासाठी सोनोग्राफी करावी लागते. रिपोर्टखाली मराठीत एक ओळ छापली असती, "औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका," तर किती खर्च आला असता?

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात सरकारचा पैसाही वाचेल. एकदा केंद्रावर एका तरुण डॉक्टरांनी माझ्या केसपेपरच्या पाठीमागे पेन्सिलने गणित करून दाखवलं. माझ्या पुढच्या एका रुग्णाचा एसजीओटी होता ४८, लॅबची मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. ४८ ला ४० ने भागायचं, येतात १.२. त्याला १०० ने गुणायचं, १२०. मग प्लेटलेटच्या हजारांनी, म्हणजे १६० ने भागायचं. उत्तर ०.७५. ०.५ च्या वर आकडा गेला की यकृतात व्रण धरल्याची शंका घ्यायची आणि औषधाचा विचार करायचा. याला एप्री म्हणतात. साध्या रक्ततपासणीतून, कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय, तालुक्याच्या दवाखान्यात हे पाच मिनिटांत होतं. अकरा वर्षांत मला हे समजावणारे ते एकटेच भेटले. व्हायरल लोडचंही तसंच. क्षयरोगासाठी गावोगाव गेलेलं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या मोलबायोने बनवलेलं आहे, त्यावर वेगळी चिप लावून हिपॅटायटिस बी चा व्हायरल लोडही मोजता येतो. यंत्र तालुक्याला असताना रुग्णाला जिल्ह्याला का पाठवायचं?

घरच्यांकडे वळतो. माझी बायको आणि दोन्ही मुलं निगेटिव्ह निघाली. ०, १ आणि ६ महिने असे लसीचे तीन डोस तिघांनाही दिले. मुलं जन्मली तेव्हा ही लस सरकारी यादीत नव्हती. २००२-०३ मध्ये ती काही ठिकाणी सुरू झाली आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली. आता बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा नियम आहे. हा डोस सुट्टीच्या दिवशी, रात्रीच्या बाळंतपणात आणि खासगी दवाखान्यात चुकत नाही ना, एवढं तुम्ही स्वतः पाहा. आमच्या आईच्या वेळी तो असता तर भाऊ आज बागेत असता. आणि गरोदरपणात जी पॉझिटिव्ह निघते तिला घाबरवू नका. तिचा व्हायरल लोड जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत तीच टेनोफोविरची गोळी देऊन आणि जन्मताच बाळाला लस देऊन बाळ वाचवता येतं. ती बाळाला पाजूही शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये आपल्या देशात हिपॅटायटिस बी चे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. जगभरात बी च्या शंभरातल्या तेरा जणांनाच आपल्याला हा आजार आहे हे ठाऊक होतं आणि औषध मिळत होतं फक्त तिघांना. म्हणजे माझ्यासारखा गोळी घेणारा माणूस नशीबवान म्हणायचा.

एचआयव्हीच्या रुग्णाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात दुजाभावाने वागवू नये म्हणून २०१७ चा केंद्राचा कायदा आहे. हिपॅटायटिस बी च्या रुग्णासाठी तसा कायदा नाही. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी एका दवाखान्यात भरती झालो तेव्हा पलंगाच्या डोक्याशी लाल शाईत माझा आजार लिहून पाटी लावली होती. भेटायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ती वाचली. डॉक्टर-नर्सनी काळजी घ्यावी, ती तर प्रत्येकच रुग्णाच्या रक्ताबाबत घ्यायची असते. ती माहिती फाइलमध्ये ठेवा. तुम्ही शासन निर्णय काढून एवढं थांबवू शकता आणि कायद्यासाठी केंद्राकडे शब्द टाकू शकता.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. रामकुंडावर हजारो माणसं डोकं भादरून घेतील. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. प्रत्येक माणसामागे नवं ब्लेड आणि वापरलेलं ब्लेड टाकायला डबा, एवढं नियोजनाच्या आराखड्यात लिहून घ्या. नाभिक बांधवांनाही लस द्या, धोका त्यांनाही आहे.

आणखी एक, माझ्या पोटाशी जोडलेलं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा आमच्या द्राक्षपट्ट्यात "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं फार बोललं गेलं. द्राक्षाला भाव मिळावा हे मलाही वाटतं. पण यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. ज्याला बी किंवा सी आहे त्याने वाईनही घेऊ नये, हे आरोग्य खात्याने उघडपणे सांगावं.

माझ्या २८ तारखेच्या फेरीला आता नऊ दिवस उरले आहेत. डबीत अकरा गोळ्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात पूल बंद होण्याआधी निफाडला तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील आणि तिथेच रक्ताचा नमुना घेतला जाईल, एवढी सोय करा.

आपला,
सायखेड्याचा एक द्राक्ष बागायतदार